डोळ्याला चोवीस फ्रेम पुरतात का?

नवा फोन, टीव्ही किंवा गेमचा विषय निघाला की कोणीतरी ठासून सांगतं, "माणसाच्या डोळ्याला सेकंदाला चोवीसच फ्रेम दिसतात, बाकी सगळा कंपन्यांचा धंदा." फ्रेम म्हणजे पडद्यावर येणारं एक सुटं चित्र. दुसरा म्हणतो, साठच्या वर फरक कळतच नाही. रात्रंदिवस गेम खेळणारा तिसरा शपथेवर सांगतो की एकशेवीसची सवय लागली की साठवर हात चालत नाही. तिघेही आपापल्या अनुभवाला धरून बोलतात आणि तरीही तिघांचा वाद मिटत नाही, कारण प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतो.

डोळ्यात कॅमेऱ्यासारखं शटर नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या (रेटिनाच्या) पेशी प्रकाशाला अखंड प्रतिसाद देत असतात आणि मेंदू त्यातून हालचाल, रंग, खोली असं निरनिराळं काढून घेतो. त्यामुळे 'डोळ्याला किती फ्रेम दिसतात' या प्रश्नाला एक आकडा उत्तर म्हणून मिळतच नाही. लुकलुक थांबते कधी, सुट्या चित्रांची हालचाल बनते कधी, हलणारी वस्तू रेखीव दिसते कधी आणि बोटाच्या मागोमाग पडदा बदलतोय असं वाटतं कधी, हे चार प्रश्न आहेत आणि चौघांचे आकडे वेगळे.

आधी चोवीस हा आकडा आला कुठून ते पाहू. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. वेग साधारण १६ ते २४ फ्रेमच्या दरम्यान राही, आणि छायाचित्रकाराचा हात थोडा कमीजास्त झाला तरी बिघडत नसे. १९१३ चा दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' याच काळातला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आवाज फिल्मच्याच कडेला नोंदवला जाऊ लागला आणि सगळं बदललं. चित्राचा वेग डगमगला तर डोळा चालवून घेतो. आवाजाचा डगमगला तर सूर हलतो आणि कान लगेच तक्रार करतो. म्हणून एक पक्का वेग ठरवणं भाग पडलं. वेग जास्त तितका आवाज चांगला, पण फिल्मही तितकी जास्त खर्च होणार. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. २४ च्या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला १३,५०० फूट. आवाज बरा आणि खर्च झेपेल असा तो मध्यबिंदू होता. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला, तोवर हा आकडा रुळला होता. डोळ्याची मर्यादा मोजून तो कोणी काढलेला नाही.

उलट चित्रपटगृहातला प्रोजेक्टरच सांगतो की डोळ्याला चोवीस पुरत नाहीत. सेकंदाला २४ वेळा उजेड-अंधार झाला तर पडदा असह्य लुकलुकतो. म्हणून प्रोजेक्टरच्या फिरत्या शटरला दोन किंवा तीन पाती असत आणि एकच फ्रेम दोनदा किंवा तीनदा पडद्यावर टाकली जाई. चित्रं २४, पण झोत ४८ किंवा ७२.

लुकलुक कधी जाणवेनाशी होते हे उजेडावर ठरतं. मंद प्रकाशात कमी वेग चालतो, प्रखर पडद्याला जास्त लागतो. शिवाय डोळ्याच्या कडेने पाहताना लुकलुक जास्त लवकर जाणवते. जुन्या काचेच्या नळीचा मॉनिटर ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने काढत, ठेवला तर समोरून ठीक दिसे, पण मान वळवली की कडेने तो थरथरताना दिसे. ८५ वर नेला की डोळे निवत. आणि तिथेही मर्यादा संपत नाही. साध्या चोकची ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. ती आपल्याला स्थिर दिसते, पण तिच्याखाली फिरणारा पंखा कधी थांबल्यासारखा, कधी उलटा फिरताना दिसतो. रात्री पुढच्या गाडीच्या एलईडी दिव्यावरून नजर झटकन फिरवली तर काही दिव्यांच्या लाल रेषेऐवजी ठिपक्यांची माळ दिसते. डोळा हलत असला की याहून कितीतरी वेगवान लुकलुकही पकडली जाते.

फोनच्या कॅमेऱ्याला हेच दिवे पट्टे देतात. घरगुती कार्यक्रमाच्या चित्रीकरणात वरून खाली सरकणारे काळे पट्टे दिसले तर कॅमेरा बिघडलेला नसतो. प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा आणि शक्य असेल तर २५ फ्रेम निवडा, पट्टे जातात. १/६० हा आकडा ६० हर्ट्झ वीज असलेल्या देशांसाठी सोयीचा आहे, आपल्यासाठी नाही.

आता हालचाल. चित्रपट चोवीसवर गुळगुळीत वाटतो आणि गेम चोवीसवर खेळवत नाही, यामागचं कारण लख्ख आहे. चित्रपटात शटर साधारण १/४८ सेकंद उघडं राहतं, तेवढ्या वेळात हात जितका हलला तितका फ्रेममध्ये पुसट उमटतो. हा पुसटपणा एका फ्रेमला दुसरीशी जोडतो. गेममधली फ्रेम मात्र एका क्षणाची गणिती आकृती असते, कडा रेखीव. दोन फ्रेममध्ये पात्र चार बोटं सरकलं तर मधलं काहीच दिसत नाही आणि डोळ्याला उड्या दिसतात. शिवाय चित्रपटाचा छायाचित्रकार कॅमेरा कोणत्या वेगाने फिरवायचा हे जपून ठरवतो. गेममध्ये कॅमेरा खेळाडूच्या अंगठ्यात असतो आणि तो क्षणात अर्धवर्तुळ फिरवतो.

साठवर उड्या संपतात, पण पुसटपणा उरतो, आणि हा पुसटपणा पडद्यात नसून डोळ्यात तयार होतो. एलसीडी किंवा ओएलईडी पडदा एक फ्रेम पुढची येईपर्यंत जागच्या जागी धरून ठेवतो. आपली नजर मात्र सरकत्या वस्तूबरोबर सलग सरकत असते. थांबलेलं चित्र आणि सरकती नजर, म्हणून चित्र डोळ्याच्या पडद्यावर फासलं जातं. मजकूर सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकत असेल तर ६० हर्ट्झवर तो १६ पिक्सेल फासतो, १२० वर ८, २४० वर ४. घरी तपासायचं असेल तर फोनवर लांबलचक यादी सरकवत ठेवा आणि सरकतानाच नावं वाचायचा प्रयत्न करा. एकदा ६० वर, एकदा १२० वर. ज्याला 'फरक कळत नाही' असं वाटतं त्याने बहुतेक वेळा थांबलेल्या चित्राकडे पाहून तसं ठरवलेलं असतं.

आपल्याकडे या सगळ्यात आणखी एक गुंता आहे. भारतातलं दूरचित्रवाणी प्रक्षेपण ५० हर्ट्झच्या पाल पद्धतीवर वाढलं: सेकंदाला २५ फ्रेम, ५० अर्धचित्रं. त्यामुळे २४ चा चित्रपट टीव्हीवर दाखवताना सरळ २५ वर पळवायचा ही रीत होती. १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपे, आणि सूर मुद्दाम उतरवले नाहीत तर गाणी सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराच्या सुमारे ७० टक्के चढत. तयार कानाच्या माणसाला टीव्हीवरचं गाणं रेकॉर्डपेक्षा वरच्या पट्टीत वाटलं असेल तर त्याचा कान बरोबर होता.

आज क्रिकेटचा सामना ५० फ्रेमने येतो आणि आपण तो ६० हर्ट्झच्या फोनवर पाहतो. पाच फ्रेम सहा खिडक्यांत बसवायच्या, म्हणजे दर पाचवी फ्रेम दोनदा दिसणार. फलंदाजाने चेंडू सीमेकडे मारला आणि कॅमेरा वळला की बारीक बारीक हिसके जाणवतात ते यामुळे. दर वेळी नेटवर्कला दोष देऊ नये. २५ फ्रेमचं प्रक्षेपण पाहत असाल तर आणखी नुकसान. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो, म्हणजे २५ फ्रेममध्ये दर फ्रेमला दीड मीटरहून जास्त उडी, ५० मध्ये पाऊण मीटर. दोन क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर. हवेचा रोध आणि टप्पा सोडून दिला तरी गोलंदाजाच्या हातापासून बॅटपर्यंत २५ मध्ये जेमतेम ११ फ्रेम मिळतात, ५० मध्ये २२-२३. चेंडू वळला कुठे हे पाहायला हा फरक फार मोठा आहे. टीव्हीला जोडलेल्या स्ट्रीमिंग पेटीच्या सेटिंगमध्ये 'फ्रेमरेट जुळवा' असा पर्याय असेल तर तो चालू करा. नसेल तर सामन्यापुरतं आउटपुट ५० हर्ट्झवर ठेवा.

२४ चा चित्रपट ६० वर दाखवताना एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा असं करावं लागतं: ५० मिलिसेकंद, मग ३३, मग पुन्हा ५०. कॅमेरा हळू सरकतो त्या दृश्यांत ही लंगडी चाल दिसते. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम नेमकी पाचदा बसते, म्हणून असा टीव्ही चित्रपटांसाठीही उपयोगी पडतो.

पण दुकानातून टीव्ही आणल्यावर चित्रपट मालिकेसारखा का दिसतो? टीव्ही दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतः तयार करून भरतो. एलजी याला ट्रूमोशन म्हणते, सॅमसंग आधी ऑटो मोशन प्लस म्हणत असे, आता पिक्चर क्लॅरिटी, सोनी मोशनफ्लो. मधली फ्रेम अंदाजाने काढलेली असते, म्हणून वेगाने हलणाऱ्या हाताभोवती प्रभावळ दिसते आणि जाळीमागून माणूस गेला की जाळी वितळते. चित्रपटाला हे बंदच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गेमला तर ते ठेवूच नये: मधली फ्रेम काढायला पुढची हातात असावी लागते, म्हणून टीव्ही चित्र मुद्दाम उशिरा दाखवतो. टीव्हीचा गेम मोड ही प्रक्रिया बंद करतो.

हा उशीर हाच खेळाडूंचा खरा विषय आहे. ३० फ्रेमवर एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांची, ६० वर १६.७, ९० वर ११.१, १२० वर ८.३. बोट टेकल्यापासून गेमने ते वाचणं, चित्र काढणं आणि पडद्याच्या रांगेत ते लागणं यात सहज तीन फ्रेम जातात. ३० वर त्या १०० मिलिसेकंदांच्या होतात, ६० वर ५०, १२० वर २५. हाताला जाणवतं ते हे. आणि याच आकड्यांतून दिसतं की ३० वरून ६० वर जाण्यात मोठा फायदा आहे, ६० वरून १२० वर बरा आहे; १२० वरून २४० वर जाताना दर फ्रेमला जेमतेम चार मिलिसेकंद वाचतात. बेताच्या पैशात मॉनिटर घेणाऱ्याने १२० किंवा १४४ वर थांबावं.

गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या सरासरी फ्रेमच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. एका सेकंदात ५४ फ्रेम वेळेवर आल्या आणि एकच फ्रेम १०० मिलिसेकंद अडली, तर सरासरी ५५ दिसते. आकडा छान, पण त्या एका अडकणीत समोरच्याने गोळी घातलेली असते. पडद्याचं वेळापत्रक लोकलसारखं असतं. ६० हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी गाडी सुटते. व्ही-सिंक, म्हणजे पडद्याच्या वेळेलाच फ्रेम दाखवण्याची सेटिंग, चालू असताना फ्रेम १७ मिलिसेकंदांत तयार झाली तर ती गाडी चुकली, पुढची ३३.३ ला. म्हणून ५० ते ६० मध्ये हेलकावे खाणाऱ्या गेमपेक्षा पक्क्या आकड्यावर बांधलेला गेम हाताला बरा लागतो. १२० हर्ट्झचा पडदा असेल आणि गेममध्ये ४० चा पर्याय असेल तर तो जरूर वापरून पाहा. ४० वर फ्रेम २५ मिलिसेकंदांची होते, म्हणजे ३० आणि ६० च्या वेळेच्या नेमकी मध्ये, आणि चिपवर ६० इतका ताण येत नाही.

फोनवर हेलकाव्यांचं मोठं कारण उष्णता. चिप तापली की फोन तिचा वेग आपणहून उतरवतो, म्हणून पहिली दहा मिनिटं झकास आणि मग अडखळ. अ‍ॅपल आपल्या फोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंश तापमान सांगते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपुरात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे कोणताही फोन दमणारच. खेळताना कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका, उजेड निम्म्यावर आणा, ग्राफिक्समध्ये सावल्या सगळ्यात आधी कमी करा आणि ९० ऐवजी ६० निवडा. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवणं घातक आहे. आत दव धरतं आणि पाणी सर्किटवर बसतं. पंख्याखाली उघडा ठेवला तरी पुरतो.

महागडा पडदा घेऊनही तो ६० वरच चालवणारे पुष्कळ आहेत. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो तो आकडा, पाहा. १४४ चा मॉनिटर तिथे ६० वर सापडणं नेहमीचं आहे. टीव्हीवर ४के १२० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.१ चं पोर्ट लागतं, आणि कित्येक टीव्हींत सगळी पोर्टं तशी नसतात, म्हणून पोर्टाशेजारी छापलेलं वाचून केबल लावा. अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर पर्यायांत रिफ्रेश रेट दाखवण्याची सोय असते. ती चालू केली की कोणतं ॲप पडद्याला ६० वर ओढतं ते कोपऱ्यात दिसतं.

आणि उशीर किती हे मोजायला यंत्र लागत नाही. दुसऱ्या फोनवर २४० फ्रेमचं स्लो-मोशन लावा, तो स्टँडवर असा ठेवा की तुमचं बोट आणि पडदा दोन्ही चौकटीत येतील. मग बटण दहा वेळा स्पष्ट टेकवा. चित्रफीत संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून ई हे बटण दाबत एकेक फ्रेम पुढे न्या आणि बोट टेकल्यापासून पडदा बदलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद, १२ फ्रेम म्हणजे ५०, २४ म्हणजे १००. ९६० फ्रेमचा मोड टाळा, काही फोन त्यातल्या मधल्या फ्रेम स्वतःच भरतात. दहा मोजण्यांची सरासरी काढा, मग गेम मोड चालू करून पुन्हा दहा घ्या.