अनोळखी अवशेष (मौल्यवान धातूंचे घरगुती शुद्धीकरण)

जुने सर्किट बोर्ड, मुलामा दिलेल्या पिना किंवा मोडीतले दागिने आम्लात विरघळवून सोने, चांदी, प्लॅटिनम, पॅलेडियम परत मिळवताना गाळणीवर, बाटलीच्या तळाशी किंवा मुशीत काही ना काही उरतेच. हा गाळ किंवा भुकटी नेमकी कशाची हे सांगता येत नसेल, तर त्याला अनोळखी अवशेष म्हणतात. तो ओळखणे हे गुणात्मक रासायनिक विश्लेषणाचेच काम आहे. प्रयोगशाळेत मात्र नमुन्यावर चिठ्ठी असते. घरच्या बरण्यांवर ती बहुधा नसते, आणि निम्मी अडचण तिथेच सुरू होते.

त्यामुळे पहिला पुरावा म्हणजे अवशेषाचा पूर्वेतिहास. मूळ माल कोणता, त्यावर डाख (जोडकामाचे कथिलयुक्त सोल्डर) होता का, आधी कोणते आम्ल वापरले आणि नंतर कोणते, एवढे आठवले तरी शक्यता दोन-तीनवर येतात. डाख लागलेला माल थेट नायट्रिक आम्लात टाकला असेल तर कथिल येणारच. चांदीच्या द्रावणात मीठ किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल गेले असेल तर सिल्व्हर क्लोराइड येणार.

सर्वाधिक घोटाळा पांढऱ्या गाळाबाबत होतो. सिल्व्हर क्लोराइड दह्याच्या कवडीसारखे गुठळ्यांनी बसते, उजेडात ठेवल्यास जांभळट-करडे पडते, गरम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण अमोनियात विरघळते आणि नायट्रिक आम्ल घालताच पुन्हा पांढरे उतरते. लेड क्लोराइड दिसायला तसेच असले तरी लिटरभर पाण्यात ते 20° से.ला सुमारे 10 ग्रॅम, तर उकळत्या पाण्यात सुमारे 33 ग्रॅम विरघळते. गरम गाळलेले पाणी निवले की त्याचे सुईसारखे स्फटिक दिसू लागतात. तिसरे क्युप्रस क्लोराइड. हायड्रोक्लोरिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइडने तांबे खाऊन सोन्याचे पापुद्रे सुटे करण्याच्या पद्धतीत ऑक्सिजन कमी पडला आणि मग पाणी वाढवले की ते खाली बसते. हवेत ते हिरवट होते, आणि अमोनियात विरघळून हवा लागताच गडद निळा रंग देते. चांदी समजून जपून ठेवलेल्या बरण्यांत हे हमखास सापडते. चौथे मेटास्टॅनिक आम्ल, म्हणजे कथिलाचे जलयुक्त ऑक्साइड. ते पिठूळ, चिकट असते, गाळणकागद तुंबवते, गरम पाणी आणि अमोनिया दोन्हींना दाद देत नाही. शिवाय सोन्याचे कण व द्रावण स्वतःत धरून ठेवते, म्हणून ते सरसकट फेकणेही परवडत नाही. डाख आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने काढला असता तर ही वेळच आली नसती. बोर्डातले काचतंतू आणि सिरॅमिकची पूडही पांढरीच असते. भिंगाखाली तंतू लगेच कळतात.

तपकिरी भुकटी पाहून आशा पालवते, कारण सोडियम मेटाबायसल्फाइट किंवा फेरस सल्फेटने उतरवलेले सोने खरोखरच तपकिरी असते, पिवळे नसते. धुऊन वाळवलेली चिमूट गुळगुळीत कठीण वस्तूने घासली तर सोन्याची पिवळी चकाकी येते. नुसत्या नायट्रिक आम्लाने ते हलत नाही. तांब्याची भुकटी मात्र निळे-हिरवे द्रावण करून नाहीशी होते.

काळ्या भुकटीत कार्बन, कॉपर ऑक्साइड, सिल्व्हर सल्फाइड किंवा बारीक विभागलेले प्लॅटिनम गटातील धातू असू शकतात. त्यांपैकी ऱ्होडियम आणि इरिडियमवर आम्लराजाचाही (सोने विरघळवणाऱ्या नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाचाही) फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे ‘आम्लराजात उरले म्हणजे कचरा’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. उलट, काळे दिसले की प्लॅटिनम मानणे ही त्याहून मोठी घाई.

अवशेषातला विरघळणारा भाग स्टॅनस क्लोराइड या कथिलाच्या क्षाराच्या थेंबाने तपासतात. सोने असेल तर जांभळा डाग येतो. हाच ‘कॅसियसचा जांभळा’ होय. अँड्रियास कॅसियस यांनी 1685 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो कलिली (अतिसूक्ष्म कणांचे) सोने व स्टॅनिक ऑक्साइड यांचा आहे हे पुढे रिखार्ड झिग्मोंडी यांनी दाखवले (नोबेल पारितोषिक, 1925). प्लॅटिनम नारिंगी ते लालसर तपकिरी रंग देते, पॅलेडियमचा रंग पिवळट तपकिरीपासून हिरवट-निळ्यापर्यंत बदलतो. द्रावणात नायट्रिक आम्ल शिल्लक असेल तर ते स्टॅनस क्लोराइडच खाऊन टाकते आणि सोने असूनही डाग उमटत नाही. नकारार्थी उत्तरावर म्हणूनच लगेच विश्वास ठेवू नये. आधी ज्ञात सोन्याच्या द्रावणावर अभिकर्मक (चाचणीचे रसायन) तपासावा. पॅलेडियमची खातरजमा डायमिथिलग्लायॉक्सिमने होते: आम्लधर्मी द्रावणात पिवळा साका. अमोनियायुक्त द्रावणात तेच अभिकर्मक निकेलबरोबर लाल साका देते.

आता धोका. अनोळखी अवशेष थेट तापवणे ही सर्वांत वाईट सुरुवात: शिसे, पारा यांची वाफ निघू शकते आणि ओलसर क्षार मुशीतून उसळतात. सायनाइडचा अंश असल्यास आम्ल घालताच विषारी हायड्रोजन सायनाइड सुटतो. अमोनियाची चाचणी स्वच्छ धुतलेल्या चिमूटभर गाळावरच घ्यावी व ती संपताच द्रावण आम्लधर्मी करावे. चांदीचे अमोनियायुक्त द्रावण तसेच ठेवल्यास स्फोटक संयुग बनते. सोन्याच्या क्षारांवर अमोनिया अजिबात नको, त्यातून बनणारे ‘स्फोटक सोने’ वाळल्यावर नुसत्या घर्षणानेही उडते. प्लॅटिनमच्या क्लोरो-क्षारांची धूळ दम्यासारखी ॲलर्जी जडवते. जुन्या सूक्ष्मलहरी उपकरणांतल्या काही पांढऱ्या सिरॅमिक तुकड्यांत बेरिलियम ऑक्साइड असते. ते दळू नयेत.

एवढे करून ‘काय आहे’ ते कळते, ‘किती आहे’ ते नाही. त्यासाठी अग्निपरीक्षण लागते: नमुना शिशाबरोबर वितळवून सच्छिद्र कुपीत शिसे शोषू देतात, उरलेल्या मण्यातली चांदी नायट्रिक आम्लाने वेगळी करून सोने तोलतात. क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र काही सेकंदांत आकडे दाखवते, पण ते पृष्ठभागाचा पातळ थरच वाचते; ओल्या, एकजीव न केलेल्या गाळाच्या दोन बाजूंना दोन वेगळी उत्तरे येतात.