पार्श्वभूमी : ‘संहिताबद्ध’ हिरडा

एप्रिल सरत आला की आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला, अंगणात आणि कातळावर हिरडा वाळत पडलेला दिसतो. आठळी धरण्याआधी उतरवलेले कोवळे फळ म्हणजे बाळहिरडा. उन्हात ते सुरकुतते, काळे पडते. मधेच वळवाची सर आली तर घरातले सगळे धावतात, कारण भिजलेल्या मालाला बुरशी धरते आणि व्यापारी भाव पाडतो. फळ कधी उतरवायचे, कोणत्या झाडाचे राखून सुरवारी (पूर्ण पिकलेला हिरडा) होऊ द्यायचे, हे महादेव कोळी घरांत कुणी बसवून शिकवत नाही. लेकरे झाडाखाली वावरतात आणि शिकतात.

या जाणतेपणाचा हक्कदार कोण, हा प्रश्न सध्या एका संज्ञेपाशी अडला आहे : ‘संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान’, म्हणजे ग्रंथांत आधीच लिहिले गेलेले ज्ञान.

हिरड्यावर कायद्याची नजर जुनी आहे. इंग्रजांना तो औषधासाठी नव्हे, कातडी कमावण्यासाठी हवा होता. १९२७च्या वन कायद्यात वनोपजाच्या व्याख्येत लाख आणि मोहाच्या फुलांबरोबर हिरड्याचे नाव आहे, आणि तेही जंगलातला असो वा नसो. म्हणजे स्वतःच्या मालकीच्या बांधावरचा हिरडाही वनोपजच. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्यानंतर आदिवासी भागात एकाधिकार खरेदी, म्हणजे फक्त सरकारी यंत्रणेनेच माल घ्यायचा अशी पद्धत, आली. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण (लाकूड सोडून इतर) वनोपजाची मालकी गोळा करणाऱ्यांची मानली आणि जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक हक्कही लिहून दिला. या दुसऱ्या हक्काची आठवण फार कमी जणांना आहे.

दरम्यान २००२चा जैवविविधता कायदा आला होता. वनस्पती आणि ज्ञान वापरून कुणी कमाई केली तर त्यातला वाटा ते जपणाऱ्यांना मिळावा, ही त्याची मूळ कल्पना. कंपन्यांनी ती बरीच वर्षे मनावर घेतली नाही. डिसेंबर २०१८मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयासमोर एका मोठ्या आयुर्वेदिक औषध कंपनीने म्हणणे मांडले की ही आकारणी परदेशी कंपन्यांसाठी आहे, आम्ही भारतीय. न्यायालयाने ते फेटाळले. डोंगरातल्या स्थानिकांचा वाटा देशी कंपनीनेही द्यायला हवा, हे तेव्हा स्पष्ट झाले. पाच वर्षे होण्याआधीच कायदा बदलला.

दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०२१मध्ये मांडले गेले, ऑगस्ट २०२३मध्ये कायदा झाले आणि १ एप्रिल २०२४पासून तो लागू आहे. बाजूने मांडणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. छोट्या वैद्याला कागदपत्रांचा आणि तुरुंगाचा धाक कशाला, असे ते म्हणत होते. कैद गेली, तिच्या जागी १ लाख ते ५० लाख रुपयांचा दंड आला. पण वैद्याच्या आडून आणखी एक गोष्ट आत शिरली. लाभाच्या हक्कदारांच्या व्याख्येतून भारतीयांपुरते ‘संहिताबद्ध’ ज्ञान वगळले गेले. विधेयकाच्या मूळ मसुद्यात या संज्ञेची व्याख्याच नव्हती. पुढे ती १९४०च्या औषध कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या प्रमाणग्रंथांशी, म्हणजे आयुर्वेदासारख्या वैद्यकांच्या मान्य ग्रंथांशी, जोडली गेली.

आता त्या ग्रंथांत हिरडा नाही असा ग्रंथ शोधून दाखवावा. भावप्रकाशात तर हरीतकीचे, म्हणजे हिरड्याचे, विजया, रोहिणी, पूतनेपासून चेतकीपर्यंत सात प्रकार आहेत. जे पुस्तकात आहे ते सर्वांचे, असे एकदा धरले की खोकल्याला हिरड्याचा तुकडा दाढेखाली धरणाऱ्या आजीच्या ज्ञानाला वेगळे अस्तित्व उरत नाही. माझ्या मते इथे मोठी गफलत आहे. ग्रंथ गुण सांगतो. आहुप्याच्या उतारावरचे कोणते झाड या वर्षी धरले आहे आणि ते कधी उतरवायचे, हे ग्रंथ सांगत नाही. कारखान्याला दोन्ही लागते, पैसे मात्र फक्त मालाचे मोजले जातात.

अनुसूचीतलीच चरकसंहिता सूत्रस्थानाच्या पहिल्या अध्यायात म्हणते की औषधी नावाने आणि रूपाने ओळखतात ते शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी. पुढच्याच श्लोकात नुसती ओळख पुरेशी नाही, असेही बजावले आहे, ते खरेच. पण संहिता बांधणाऱ्याला ज्यांचा उल्लेख करावासा वाटला, त्यांचाच वाटा त्या संहितेच्या नावाने कापला जातो आहे.

उलटे उदाहरण केरळच्या अगस्त्य डोंगरातले. १९८७मध्ये तिथे फिरणाऱ्या शास्त्रज्ञांना कानी या आदिवासी समाजाच्या तरुणांनी थकवा घालवणारी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली. १९९५मध्ये तिच्यावरून केलेल्या औषधाचा परवाना १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के रॉयल्टी अशा अटींवर दिला गेला. त्यातला निम्मा वाटा कानी समाजासाठी ठरला. तो व्यवहारही पुढे अडखळला, पण निदान हे ज्ञान कानींचे, एवढे तरी कागदावर आले.

आपल्याकडे कागद म्हणून लोकजैवविविधता नोंदवही आहे, गावातली जैवविविधता आणि तिच्याविषयीचे ज्ञान टिपून ठेवणारी. ती गावोगाव पूर्ण करायला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली होती, आणि ती चुकली तर राज्यांनी दरमहा १० लाखांची भरपाई भरायची होती. अशा घाईत झाडांच्या याद्या तयार होतात. बाळहिरड्याचा हंगाम, राखायची झाडे, वाळवण्याची रीत हे यादीत मावत नाही. नोंदवही अनुसूचीतला ग्रंथ नाही, त्यामुळे तिच्यात लिहिलेले ज्ञान अजून ‘संहिताबद्ध’ ठरत नाही. ग्रामसभेने ती पुन्हा उघडून तपशिलाने भरली, तर वनहक्क कायद्यातल्या त्या विसरलेल्या हक्काला हातात धरायला एक कागद मिळेल.