चॅफी की बुलडॉग? आधी दातेरी चाक कुठंय ते बघा

माझा भाचा अकरावीला आहे आणि त्याला टँकचं वेड लागलंय. रविवारी सोलापुरात आमच्याकडे जेवायला होता, कडक भाकरी शेंगा चटणीत बुडवता बुडवता मोबाईल पुढे केला, मामा हे बघ, उरुग्वेवाले अजून दुसऱ्या महायुद्धातला रणगाडा पळवतायत. बघितलं तर तो महायुद्धातला नव्हताच बे, तो एम-४१ म्हणजे वॉकर बुलडॉग, आणि पोरगं त्याला एम-२४ चॅफी समजून बसलेलं. त्याची तरी काय चूक, उरुग्वेच्या सैन्याकडे दोन्ही होते आणि दोन्ही बाजूने बघितले की भल्याभल्यांची फसगत होते. दोघांना एका बाजूला पाच चाकं, वर पट्टा तोलणारे तीन छोटे रोलर, खाली टॉर्शन बार सस्पेन्शन (म्हणजे स्प्रिंगऐवजी पिळणाऱ्या पोलादी दांड्या), आणि दोन्ही बनवले कॅडिलॅकनेच, हो, तीच मोटारीवाली.

ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण तोफ नाही, दातेरी चाक. पट्टा ओढणारं हे चाक चॅफीला पुढे असतं आणि बुलडॉगला मागे. हे उगीच नाही, चॅफीचं इंजिन मागे आणि गिअरचा पसारा पुढे, मधून शाफ्ट जातो, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन टँकची ही जुनी रीत. बुलडॉगमध्ये इंजिन आणि ट्रान्समिशन दोन्ही मागेच.

दुसरी खूण म्हणजे पुढचा उजवा कोपरा. चॅफीला तिथे एक मशीनगन असते कारण त्यात पाच माणसं बसतात, ड्रायव्हरशेजारी एक जादा. बुलडॉगमध्ये चारच, त्यामुळे तिथे नुसता पत्रा. तोफ बघायचीच असेल तर चॅफीची ७५ मिमीची, आखूड, तोंडाशी काही नाही, ही वजनाला हलकी तोफ बी-२५ बॉम्बर विमानावर बसवलेल्या तोफेच्या घराण्यातली. बुलडॉगची ७६ मिमीची लांब, नळीवर मध्ये धूर काढायचा फुगवटा आणि टोकाला टी आकाराचं तोंड. पण तोफेवर फार विसंबू नका, का ते पुढे सांगतो.

वयात तसा फार फरक नाही, सहा-सात वर्षांचा. चॅफी १९४४ मध्ये कारखान्यातून निघायला लागला, युद्ध संपेपर्यंत ४,७०० च्या वर बनले, वजन १८ टनांच्या आसपास. बुलडॉग १९५१ चा, कोरियाच्या युद्धाच्या घाईत काढलेला, २३ टनांच्या वर. चॅफीत कॅडिलॅकची दोन व्ही-८ पेट्रोल इंजिनं शेजारी शेजारी, मिळून २२० हॉर्सपॉवर. बुलडॉगमध्ये काँटिनेंटलचं एकच पण ५०० हॉर्सपॉवरचं, पळतो ताशी ७० किलोमीटर, आणि पेट्रोल पितो असं की टाकी फुल्ल करून जेमतेम १६० किलोमीटर, म्हणजे सोलापूरहून निघाला की भिगवणच्या थोडं पुढे जाऊन उभा. (नावं दोन जनरलांची, चॅफी कॅन्सरने गेले आणि वॉकर कोरियात जीपच्या अपघातात, दोघंही रणगाड्यात नाही.)

चॅफी आपल्याला परका नाही हे मी भाच्याला मुद्दाम सांगितलं. १९७१ ला युद्ध जाहीर व्हायच्या आधीच, २१ नोव्हेंबरला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरला धुक्यात आपल्या ४५ कॅव्हलरीच्या १४ पीटी-७६ ची (पाण्यात तरंगणारे रशियन टँक) गाठ पाकिस्तानच्या चॅफींशी पडली आणि त्यांचं स्क्वाड्रन जवळपास संपलंच. आपले मेजर दलजितसिंग नारग त्यात गेले, मरणोत्तर महावीर चक्र. म्हणजे चॅफी तेव्हाच म्हातारा झाला होता, आणि तरी उरुग्वेने तो त्यानंतरही कितीतरी वर्षं चालवला.

आता कसा चालवला हे सोलापूरकराला वेगळं शिकवायची गरज नाही. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत कुठल्याही यंत्रमागाच्या शेडमध्ये डोकवा, सांगाडा आजोबांच्या काळचा, मोटार नवी, आणि कोपऱ्यात एक माग उघडा पडलेला, त्याचे पार्ट काढून काढून बाकीचे चालू ठेवायचे. जुना टँकही असाच चालतो. चिलखत गंजत नाही लवकर, तोफही टिकते, मरतं ते इंजिन, कारण त्याचे पार्ट बनवणारं कोणी उरत नाही.

इथेच बुलडॉगचं पारडं जड झालं असं माझं मत. ब्राझीलकडे बुलडॉग बरेच होते, साओ पावलोच्या बर्नार्दिनी कंपनीने त्यातलं पेट्रोल इंजिन काढून स्कॅनियाचं डिझेल बसवलं, आणि ७६ ची नळी आतून कोरून ९० मिमीची केली. या अवताराला एम-४१सी म्हणतात. स्कॅनिया म्हणजे ट्रक-बसवाली कंपनी, तिचं काम येणारा मिस्त्री दक्षिण अमेरिकेत शोधायला लागत नाही, अर्धी लढाई तिथेच जिंकली. पुढे ब्राझीलला लेपर्ड-१ हे जर्मन टँक मिळाले, हे मोकळे झाले, आणि २०१८ च्या सुमारास त्यातले २५ उरुग्वेला देऊन टाकले, चॅफींच्या जागी. उरुग्वेकडे बेल्जियमहून आणलेले बुलडॉग आधीपासून होतेच, म्हणजे पोरांना नव्याने शिकवायचंही फार नाही.

चॅफीला डिझेल बसतच नाही असं मात्र नाही. नॉर्वेने ५४ चॅफींना डिझेल आणि ९० मिमीची फ्रेंच तोफ बसवून एनएम-११६ नावाने थेट नव्वदच्या दशकापर्यंत वापरलं. म्हणूनच म्हटलं तोफेवर जाऊ नका, दोघांनाही ९० ची तोफ लागलेली आहे, टोकाचं तोंड बदललेलं आहे. दातेरी चाक मात्र कोणी हलवलं नाही.

भाचा म्हणाला, पण मामा आजच्या लढाईत टिकणार का हे? नाही टिकणार. दोघांचं चिलखत जाडीला साधारण २५ ते ३८ मिमी, आजच्या साध्या चिलखती गाडीवरची ३० मिमीची तोफसुद्धा त्यातून आरपार जाईल. पण ३५ लाखांच्या आसपास लोकवस्तीचा देश, शेजारी ब्राझील आणि अर्जेंटिना, त्यांच्याशी टँकने भिडायचा विचार तिथे कोणी करत नाही. टँक चालवायची विद्या सैन्यातून जाऊ नये, एवढ्यासाठी ठेवलेत. एकदा ती पलटण मोडली की माणसं परत तयार करायला वर्षं जातात, मागावरचा कारागीर एकदा पुण्याला गेला की परत येतो का? शिवाय २३ टनांचं धूड गावाकडच्या पुलावरून जातं, ५० टनांचं नाही जात.

ताट उचलता उचलता पोराने अजून एक फोटो दाखवला, अर्धा पाण्यात, नाकावर पत्र्याची फळी उभी केलेली, म्हणाला हा बुलडॉग ना. म्हटलं चाकं मोज. सहा निघाली. तो गरीबपूरवाला, पीटी-७६.