टीबीच्या कल्चरला इतके आठवडे का लागतात?

लघवीत जंतुसंसर्ग आहे का हे पाहायला नमुना दिला, की दोन-तीन दिवसांत कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जिवाणू लॅबमध्ये वाढवून पाहण्याच्या चाचणीचा, रिपोर्ट हातात पडतो. टीबीच्या संशयाने बेडका दिला, तर मात्र 'निगेटिव्ह' असं ठामपणे सांगायला लॅब सहा ते आठ आठवडे घेते. पेशंटचे नातेवाईक वैतागतात. पण दोष लॅबचा नसतो, जिवाणूच्या चालीचा असतो, आणि त्याचा हिशेब कागदावर करता येतो.

जिवाणू एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात. त्यांचा ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसायचा तर त्यात ढोबळमानाने दहा लाख पेशी तरी हव्यात. एकापासून दहा लाख म्हणजे २० दुपटी. लघवीच्या संसर्गात हमखास सापडणारा ई. कोलाय चांगलं खाद्य आणि ३७ अंश तापमान मिळालं, तर सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे ४०० मिनिटं, सात तासही नाहीत. टीबीच्या जिवाणूला एका दुपटीला साधारण २० तास लागतात. तेच ४०० आता तास झाले: जवळजवळ १७ दिवस!

इतका संथ का? त्याचं मेणचट, जाड आवरण बांधणं खर्चिक असतं, हे एक. दुसरं, प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएसाठी ई. कोलायकडे जनुकांचे सात संच असतात, याच्याकडे एकच.

अर्थात दुपटीचं गणित आंधळेपणाने चालवलं तर भलतंच उत्तर येतं. एकच ई. कोलाय दोन दिवस न थांबता वाढला, तर त्याच्या वंशजांचं वजन पृथ्वीच्या हजारो पट भरेल. प्रत्यक्षात काही तासांतच खाद्य संपतं, टाकाऊ पदार्थ साचतात आणि वाढ थांबते. सुरुवातही लगेच होत नाही. नव्या जागी रुळण्यात थोडा वेळ जातो. टीबीच्या बाबतीत तर हा वेळ आपणच वाढवतो. बेडक्यातले इतर चपळ जिवाणू आधी मारले नाहीत, तर ते दोन दिवसांत सगळं माध्यम (जिवाणू वाढवायला दिलेलं खाद्य) बळकावतील. म्हणून नमुन्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करतात. टीबीचा जिवाणू तिला बराच पुरून उरतो, पण तोही अर्धमेला होतो, काही मरतातही.

हेच गणित उलटं वापरता येतं, आणि मला तो भाग सगळ्यात सुंदर वाटतो. द्रव माध्यमाच्या नळीत जिवाणू ऑक्सिजन संपवू लागले, की तळाचा पदार्थ चमकतो आणि यंत्र नळी 'पॉझिटिव्ह' ठरवते. त्यासाठी किती दिवस लागले, यावरून सुरुवातीला जिवाणू किती होते याचा अंदाज बांधता येतो. जिवाणू दहापट कमी असतील, तर तूट भरायला तीन-साडेतीन दुपटी जास्त लागतील, म्हणजे पावणेतीन दिवसांच्या आसपास. औषधं सुरू झाल्यावर पेशंटची नळी आधीपेक्षा आठवडाभर उशिरा चमकली, तर जिवंत जिवाणू काही शेकड्यांच्या पटीत घटले असा अर्थ निघतो.

सीबीनॅट चाचणी दोन तासांत उत्तर देते, मग कल्चर हवंच कशाला? निदानासाठी ती उत्तमच आहे. पण ती डीएनए शोधते, आणि डीएनए मेलेल्या जिवाणूतही असतो. त्यामुळे उपचार लागू पडताहेत का हे बघताना तिच्यावर विसंबता येत नाही. मेलेला जिवाणू दुप्पट होत नाही; म्हणून तिथे वाट पाहणारी नळीच लागते.