पुरातली उडी आणि घरातला आसरा

तापीला पूर आला की पुलावर गर्दी होते. कोणी वाहून चाललेला दिसला तर त्या गर्दीतलाच एखादा पोरगा उडी टाकतो. छळ होणाऱ्याला घरात लपवणाऱ्यालाही आपण त्याच्याच रांगेत बसवतो. दोघेही जीव धोक्यात घालतात हे खरं, पण पुरातला धोका काही मिनिटांचा, आणि काठावरचा प्रत्येक जण पोराच्या बाजूने. आसरा देणाऱ्याला धोका माणसांकडून असतो. तो महिनोन् महिने टिकतो, घरातल्या लेकराबाळांवरही येतो आणि शेजाऱ्याजवळ बोलायचीही सोय नसते.

जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये ज्यूंना थारा देणाऱ्याला मृत्युदंड होता. तरी मार्कोवा गावच्या युझेफ आणि विक्टोरिया उल्मा यांनी आठ ज्यूंना घरात ठेवलं. २४ मार्च १९४४ ला पोलीस आले. त्यांनी त्या आठ जणांना, नवरा-बायकोला आणि त्यांच्या सहाही मुलांना मारलं. विक्टोरिया गरोदर होती. ज्यूंना वाचवणाऱ्या परधर्मीयांचा सन्मान जेरुसलेमची याद वाशेम संस्था करते. तिथे स्वतःवर जोखीम घेतली होती का, हे तपासतात. पैशाच्या अटीवर लपवणारे त्यात धरत नाहीत. नुसती कणव पुरत नाही. (ती तर आपल्याकडे चहाच्या टपरीवरही मुबलक मिळते.)

नंदुरबारच्या शिरीषकुमारला कुठे ठेवायचं, हे मला अजून ठरवता येत नाही. ९ सप्टेंबर १९४२ च्या मिरवणुकीत मुलींवर रोखलेल्या बंदुकीपुढे तो उभा राहिला, असं तिथे सांगतात. वय पंधरा. क्षण उडीएवढाच, पण धोका माणसाकडून.

१४ एप्रिल १९४४ ला धुळ्याहून निघालेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी चिमठाण्याजवळ लुटला, ही हकीकत खानदेशात बहुतेकांना ठाऊक आहे. अशा भूमिगतांना रात्री-अपरात्री भाकरी देणाऱ्या घरांची नावं मात्र फारशी कोणी सांगत नाही. तरी एक बोलायला हवं: त्या घरांना भीती सरकारची होती, गावाचं मन बरंचसं त्यांच्याच बाजूला होतं.

माझ्या मते खरी कसोटी गावच विरोधात गेल्यावर लागते. पळून लग्न केलेलं आंतरजातीय जोडपं रात्री दारात येतं, मागे भाऊबंद शोधत फिरतायत. त्यांना आत घेणाऱ्याला उद्या लग्नकार्याचं आवतन येणार नाही, मयतीला खांदा द्यायला कोणी येणार नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण तक्रार करायची ती आपल्याच चुलत्या-मावळ्यांविरुद्ध, आणि साक्षीदारही त्याच गल्लीतून शोधायचा.