बुडावरचं नाव म्हणजे जन्मदाखला नव्हे

निळ्या-पांढऱ्या चिनी तपकिरीच्या कुपीच्या बुडाशी ‘चंगह्वा’ हे सम्राटाचं नाव दिसलं की ती मिंग काळातली, असं विकणारे सांगतात नि घेणारे मानतात. चंगह्वाची कारकीर्द १४६५ ते १४८७. तंबाखू मूळची अमेरिकेची, आणि तेव्हा कोलंबसही तिथे पोचला नव्हता. चीनमध्ये तंबाखूच नाही, तर तपकीर कुठली?

या कुप्या छिंग काळातल्या (१६४४–१९११), आणि बाजारात फिरणाऱ्या चिनी मातीच्या बहुतेक कुप्या एकोणिसाव्या शतकातल्या किंवा त्याहून नव्या. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध जिंगदेजन शहराचे कारागीर जुन्या सम्राटांची नावं सर्रास घालत. दरवेळी फसवायलाच असं नाही, जुन्या कामाला मान म्हणूनही. ‘युंगचंग’ (१७२३–३५) हे नाव त्यातलंच.

मग पाहायचं काय? दहापट भिंगाखाली छापील चित्रात सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांची जाळी दिसू शकते. कुंचल्याच्या रेघेत निळा कुठे साचतो, कुठे विरतो. बुडाची बिनझिलईची कड तिरप्या उजेडात धरा: वापराची झीज वेडीवाकडी असते, पॉलिश पेपरचे ओरखडे एकाच दिशेचे. तपकीर काढायचा चमचा लावलेल्या बुचावर मात्र भिस्त ठेवू नका. बुचं हरवतात, दुसऱ्या कुपीची बसवली जातात.