अमेरिकेतले सनातनी ख्रिस्ती राजकारणात कसे उतरले

अमेरिकेतल्या सनातनी ख्रिस्ती राजकारणाची कहाणी साधारण अशी सांगितली जाते: १९७३ साली 'रो विरुद्ध वेड' खटल्यात सुप्रीम कोर्टाने गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिलं, भाविक खवळले आणि मतपेटीकडे वळले. चळवळीतल्या लोकांनाही ती आवडते, कारण तिच्यात त्यांचा हेतू निखळ दिसतो. त्या काळातले ठराव आणि खटले पाहिले की मात्र ती तितकी सरळ राहत नाही.

मुळात धर्म आणि सरकार यांच्यात भिंत हवी होती ती बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथालाच. कनेक्टिकटमध्ये काँग्रिगेशनल चर्चला १८१८ पर्यंत राज्याचा आश्रय होता आणि डॅनबरीचे बाप्टिस्ट तिथे दुय्यम ठरत होते. त्यांनी राष्ट्राध्यक्ष जेफर्सनला पत्र लिहिलं. त्याला १८०२ च्या १ जानेवारीला जेफर्सनने जे उत्तर पाठवलं, त्यात ही 'भिंत' प्रथम ठळकपणे आली. म्हणजे जे लोक पुढे या भिंतीला नास्तिकांचं कारस्थान म्हणू लागले, त्यांच्यातल्या अनेकांच्या पूर्वजांनीच ती मागितली होती.

याचा अर्थ धर्म राजकारणापासून दूर होता असा नाही. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत पोहोचल्या, तेव्हा दारूबंदीसाठी झटणारी वुमन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन ही तिथली मोठी ताकद होती आणि रमाबाईंचा तिच्याशी जवळचा संबंध आला. ती धार्मिक चळवळच होती, पण तिच्या मागण्यांत स्त्रियांचा मताधिकारही होता. १९२० साली देशभर दारूबंदी आली, १९३३ साली ती उठली.

मधल्या काळात, जुलै १९२५ मध्ये, टेनेसीतल्या डेटन गावी स्कोप्स खटला झाला. उत्क्रांती शिकवली म्हणून शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला. सनातनी पक्ष खटला जिंकला आणि देशात हसं करून घेऊन बसला. शिकागोच्या रेडिओने कामकाज थेट ऐकवलं, वार्ताहरांनी 'बायबलवाल्यां'ची यथेच्छ टिंगल केली. माध्यमांबद्दलचा या मंडळींचा संशय तिथपासून पक्का झाला. राजकारणातून ते बरेचसे मागे हटले, पण गप्प बसले नाहीत. बायबल कॉलेजं, प्रकाशनं आणि मुख्य म्हणजे स्वतःचे रेडिओ कार्यक्रम त्यांनी उभे केले.

रेडिओचा विषय निघालाच आहे तर एक खटला सांगायलाच हवा. पेनसिल्व्हेनियातल्या रेड लायन गावच्या ख्रिस्ती रेडिओ केंद्रावरून बिली जेम्स हार्गिस या धर्मोपदेशकाने एका पत्रकारावर तोंडसुख घेतलं. पत्रकाराने उत्तरासाठी वेळ मागितला, केंद्राने फुकट द्यायला नकार दिला. १९६९ साली सुप्रीम कोर्टाने पत्रकाराची बाजू घेतली, कारण तेव्हा 'फेअरनेस डॉक्ट्रिन' लागू होतं: वादाच्या प्रश्नावर दुसरी बाजूही ऐकवायची. हा नियम १९८७ साली, रेगन यांच्या काळात, रद्द झाला. त्यानंतर उजव्या टॉक रेडिओचं पीक आलं ते उगाच नाही. धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांचं ख्रिस्ती टीव्ही केंद्र तर व्हर्जिनियात १९६१ पासूनच सुरू होतं. १९८८ साली ते थेट राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले.

आता साठचं दशक. १९६२ साली न्यूयॉर्कच्या शाळांतली सरकारी प्रार्थना सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवली. प्रार्थना जेमतेम २२ शब्दांची होती. पुढच्या वर्षी शाळेतलं बायबलवाचनही गेलं. संताप झाला, पण संघटना उभी राहिली नाही. बाप्टिस्ट पाद्री जेरी फॉलवेल यांनी १९६५ साली, नागरी हक्कांच्या मोर्चांत उतरणाऱ्या पाद्र्यांना उद्देशून, धर्मोपदेशकाचं काम आत्मे जिंकण्याचं आहे, राजकारणाचं नाही, असं प्रवचन दिलं होतं. चौदा वर्षांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही सनातनी ख्रिस्त्यांची राजकीय संघटना स्थापन करणारे ते हेच.

गर्भपाताचं काय? सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन या बाप्टिस्टांच्या मोठ्या संघटनेने १९७१ साली, म्हणजे 'रो'च्या दोन वर्षं आधी, ठराव केला होता: बलात्कार, गर्भातली गंभीर विकृती, आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका अशा कारणांसाठी कायद्याने गर्भपाताची मुभा असावी. विरोधाची धुरा तेव्हा कॅथलिकांच्या खांद्यावर होती, आणि बाप्टिस्टांना ते कॅथलिकांचं खूळ वाटत होतं.

वाद पेटला तो शाळांवरून. १९५४ च्या 'ब्राऊन' निकालानंतर सरकारी शाळांतली वर्णभेदी विभागणी मोडली जाऊ लागली, तशा दक्षिणेत फक्त गोऱ्यांच्या खाजगी शाळा निघाल्या, बऱ्याचशा 'ख्रिस्ती' नावाने. १९७१ साली 'ग्रीन विरुद्ध कॉनली' खटल्यात वर्णभेद करणाऱ्या अशा शाळांना करसवलत मिळणार नाही असं ठरलं. बॉब जोन्स विद्यापीठाची सवलत १९७६ साली काढली गेली, आणि १९७८ साली कर खात्याने खाजगी शाळांसाठी आणखी कडक नियम सुचवले, तेव्हा निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. चळवळीचे एक शिल्पकार पॉल वेरिक यांनी पुढे स्वतःच म्हटलं की ठिणगी पडली ती करसवलतीमुळे. सगळ्या इतिहासकारांना हे मान्य नाही. शाळा काढणारे सगळेच वर्णद्वेष्टे नव्हते, आणि 'सरकार आमच्या संस्थांत हात घालतंय' ही भीती अनेकांच्या मनात खरीच होती. पण क्रम लक्षात घ्यावा लागतो: आधी कर, मग गर्भपात. स्त्री-पुरुष समतेच्या घटनादुरुस्तीला विरोध करणाऱ्या फिलिस श्लॅफ्ली यांच्यामुळे कॅथलिक बायका आणि बाप्टिस्ट बायका आधीच एका बाजूला आल्या होत्या, हाही धागा विसरू नये.

१९८० ची निवडणूक तर विचित्रच. एका बाजूला जिमी कार्टर, रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे बाप्टिस्ट. दुसरीकडे घटस्फोटित माजी नट रोनाल्ड रेगन. भाविकांचे पुढारी रेगन यांच्यामागे गेले. डलासच्या मेळाव्यात रेगन म्हणाले की तुम्ही मला जाहीर पाठिंबा देऊ शकत नाही हे मी जाणतो, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. या विनोदाला कायद्याची पार्श्वभूमी होती: १९५४ च्या जॉन्सन दुरुस्तीने करमुक्त संस्थांना उमेदवाराचा प्रचार करायला मनाई केली होती.

रेगन यांच्याकडून मिळालं किती? भाषणं भरपूर, प्रार्थना परत आली नाही. उलट त्यांनी नेमलेले न्यायाधीश ओ'कॉनर आणि केनेडी यांनी १९९२ साली 'रो'चा गाभा वाचवला. २०१५ चा समलिंगी विवाहाचा निकालही केनेडी यांनीच लिहिला. चळवळीने यातून घेतलेला धडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. राष्ट्राध्यक्ष निवडून भागत नाही, न्यायाधीश पारखून घ्यायला हवेत. १९८२ साली स्थापन झालेल्या फेडरलिस्ट सोसायटीने उजव्या विचाराच्या वकिलांची पिढी घडवली होतीच. २०१६ साली ट्रम्प यांनी संभाव्य न्यायाधीशांची यादीच जाहीर केली, आणि त्यांच्या वागण्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांनीही मत दिलं. जून २०२२ मध्ये 'डॉब्स' निकालाने 'रो' मोडीत निघालं. तीनच दिवसांनी, मैदानावर प्रार्थना करणाऱ्या सरकारी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने ६ विरुद्ध ३ असा निकाल लागला.

यानंतरचे खटले आत्मविश्वासाचे आहेत. ख्रिस्ती रेडिओ-टीव्ही प्रसारकांच्या संघटनेने लावलेल्या खटल्यात जुलै २०२५ मध्ये कर खात्यानेच कोर्टाला सांगितलं की चर्चने आपल्या भाविकांना नेहमीच्या मार्गाने उमेदवाराबद्दल सांगितलं तर जॉन्सन दुरुस्ती आड येत नाही. ओक्लाहोमात मात्र सरकारी पैशावर कॅथलिक चार्टर शाळा (सरकारी खर्चाची, पण खाजगी संस्था चालवते ती) काढण्याचा बेत मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात ४-४ असा अडकला आणि राज्याच्या कोर्टाचा नकार कायम राहिला. त्या शाळेविरुद्ध खटला लढवला होता रिपब्लिकन पक्षाच्याच महाधिवक्त्याने. त्याचा एक मुद्दा असा, की आज कॅथलिकांना पैसे दिले तर उद्या इतर कुठल्याही धर्माच्या शाळेला नाही म्हणता येणार नाही.